कुंडातून उठलेलं गाव

फार मागं, एका तळ्याच्या काठी एवढंसं गाव होतं. तळ्याचं पाणी गार, पण काठापासून वीस पावलांवर जमिनीतून कढत पाणी उसळायचं. त्यात तांदळाची पुरचुंडी सोडली तर भात शिजायचा, मग माणसाचं काय होईल ते तुम्हीच बघा. म्हणून गावानं झऱ्याभोवती दगडी कुंड बांधलं आणि तळ्यातून पाट काढून त्यात गार पाणी आणलं.

पाटाच्या तोंडाशी एक फळी होती. ती किती उचलायची हे आत्या ठरवायची. ही नक्की कुणाची आत्या ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण सगळं गाव तिला आत्या म्हणायचं आणि भ्यायचंही. रोज सकाळी ती कुंडात कोपर बुडवायची, मान डोलवायची, मगच लोक उतरायचे.

रिवाज असा, की दुखणेकऱ्यानं सात सकाळी ओळीनं बसायचं. एक चुकली की पुन्हा पहिल्यापासून.

एकदा लांबून एक कुंभार आला. चाकावर वाकून वाकून त्याची पाठ पार धरलेली. आला तेव्हा जमिनीशीच बोलत होता. रोज थोडा थोडा उघडत गेला. सहाव्या दिवशी त्यानं मान वर करून आत्याचं तोंड पाहिलं.

"आवाजावरनं तरणी वाटली होतीस गं," तो म्हणाला.

"उद्याचा दिवस बस, मग डोळेबी सुधारतील तुझे," आत्या म्हणाली.

सातव्या सकाळी इनामदार आला. मेणा, आठ भोई, वारा घालायला एक चाकर. अंगात काही दुखणं नाही, इथलं पाणी न्यारं असतं एवढंच ऐकून आलेला. चाकरानं आरोळी ठोकली की मालक उतरणार, सगळ्यांनी बाहेर व्हा. आणि काय सांगू, कुंडातले वीस जण उठले की! कुणी हात जोडले, कुणी ओलं धोतर पिळत वाट करून दिली. कुंभार तेवढा बसून राहिला, तर गावातल्याच दोघांनी त्याच्या काखेत हात घालून त्याला वर काढला. चाकराला बोटसुद्धा लावावं लागलं नाही.

मग इनामदाराला पाट दिसला. त्यातून तळ्याचं पाणी येतं म्हटल्यावर त्यानं तळ्याकडे पाहिलं. तिकडं म्हशी डुंबत होत्या. त्यानं नाक मुरडलं आणि फळी खाली पाडायला लावली. त्याला निव्वळ जमिनीतलं, देवाघरचं पाणी पाहिजे होतं.

आत्या पुढं झाली. "सरकार, फळी पाडली की हितं भात शिजतोय."

"हिला बाजूला घ्या," इनामदार म्हणाला.

घेतली बाजूला. घेणारे पुन्हा गावातलेच.

इनामदार विडा चघळत बसला. कुंडावर चांगली वाफ धरल्यावर उठला आणि थाटात एकदम उतरला. उतरला त्याच्या दुप्पट वेगानं वर आला, कालवणातल्या खेकड्यासारखा लालबुंद. भोई मेणा घेऊन पळाले, आणि मालक मेण्याच्या पुढं.

गाव पोट धरधरून हसलं. आत्या हसली नाही. तिनं फळी वर केली, कोपर बुडवायला गेली आणि चटकन मागं घेतलं. आता कुंड निवायला सांज होणार होती. कुंभाराची सातवी सकाळ गेली. त्याची मान हळूहळू खाली गेली.

"हसा," आत्या म्हणाली. "त्याची कातडी सोलली, ती येईल महिन्याभरात. पण ह्याचे सहा दिवस कुणी खाल्ले? त्यानं तर ह्याला हातबी लावला न्हाई. तुमी वडून काढलात. दुखणं तुमच्या अंगात, त्याच्या अंगात मस्ती, आन उठलं कोण?"

सगळे पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले.

दुसऱ्या दिवशी कुंभार पुन्हा पहिला दिवस म्हणून उतरला. चौथ्या दिवशी एक देशमुख आला. त्याच्याही चाकरानं तीच आरोळी ठोकली. वीस माणसं गळ्याइतक्या पाण्यात बसून होती. एकानं डोळे मिटले. एकानं पाठ फिरवली. ज्या दोघांनी कुंभाराला ओढला होता ते त्याच्या दोन्ही अंगांना सरकून दगडासारखे बसले. देशमुख बराच वेळ काठावर उभा राहिला. मग पाय दुखायला लागले तसे त्यानं जोडे काढले आणि गुमान खाली बसला.

तात्पर्य काय, तर: माजलेल्याला शिव्या खुशाल द्या, पण आधी बघा, त्याच्यासाठी जागा कोणी केली.