दट्ट्यावरची खाच

फार जुना काळ. डोंगराआडच्या एका राज्यात एक म्हातारा चितारी राहत असे. तो हातभर फळीवरच चित्रे काढी. झिजलेली वहाण, फुटका तवा, दात पडलेली फणी. वस्तू जेवढी, तेवढेच चित्र. खाली मालकाचे नाव.

त्या गावी बिनवारशी माणूस गेला की तेराव्याला त्याचे सामान जाळत. त्याआधी चितारी त्यातली एक वस्तू दिवसभरासाठी मागून आणी.

एकदा राजा त्याच्या ओसरीवर आला. एका फळीपाशी थांबून हसला.

"हे काय, चिताऱ्या? लाकडाचा ठोकळा?"

"तळ्याच्या मोरीत ठोकून पाणी अडवायचा दट्ट्या, महाराज. येसबा पाटकऱ्याच्या घरचा जादाचा, त्याच्या सामानाबरोबर जळाला. चाळीस वर्षं त्यानं पाणी राखलं."

"कोण येसबा? बरं, ही भेग बुजव, सोनेरी रंग दे. महालात लावतो."

"भेग नाही, खाच आहे. बुजवली तर दट्ट्या येसबाचा राहत नाही."

"मग उद्या या फळ्या मुदपाकखान्यात जळण म्हणून जातील!"

"जाऊ द्या. खोटं काढणार नाही."

सकाळी शिपाई फळ्या गाडीत भरू लागले. चितारी ताठ उभा राहिला. गाडी निघणार, तोच तळ्याकडून आरोळी आली. येसबाने मोरीत बसवलेला जुना दट्ट्या कुजून फुटला आणि वाहून गेला होता. वर्षाचे पाणी वाहून चालले होते.

सुतारांनी तीन दट्टे केले. पाण्याने तिन्ही भिरकावले. राजा बांधावर हात चोळत उभा होता.

चिताऱ्याने गाडीतून ती फळी ओढली आणि सुतारापुढे धरली. "दोरी लाव आणि माप घे. खाचेत काथ्या आहे, तोही बघ."

सुताराने तशीच तिरपी खाच पाडली, काथ्या गुंडाळला, दट्ट्या ठोकला. काथ्या फुगला. पाणी थांबले.

"खाचेचं मर्म तुला ठाऊक होतं?" राजाने विचारले.

"नाही. होती, म्हणून काढली."

राजाने फळ्या स्वतःच्या हाताने ओसरीवर परत लावल्या. येसबाची फळी मात्र तळ्याच्या बांधावर कोनाड्यात बसवली. जाताना म्हणाला, "माझंही एखादं चित्र काढ."

"काढीन. वापरून झिजलेलं काही असेल, ते पाठवा."

राजा आपल्या गुळगुळीत तळहातांकडे बघत राहिला.

ध्यानात ठेवा: कष्टाची खूण जशीच्या तशी राखावी, ती बुजवली की माणूसही जातो आणि त्याची विद्याही.