चिमाची खिडकी

गवताच्या गंजीला खिडकी कशाला, हे तुम्ही मघापासून मनात घोळवताय. विचारा की, त्यात लाजण्यासारखं काय आहे. पलीकडच्या खोऱ्यातही गंज्या आहेत, पण त्या भरीव. आमच्या सावरमाचीतच प्रत्येक गंजीच्या पोटात अशी पोकळी ठेवतात. वारा शिरतो, दोन-चार पेंढ्या काळ्या पडतात, तरी कुणी ती बुजवत नाही. हिला चिमाची खिडकी म्हणतात. बसा, सांगतो. मी पाहिलेलं नाही, माझ्या आज्यानंही पाहिलेलं नाही. ऐकलेलं तेवढं सांगतो.

गाव म्हणजे चार झोपड्या होत्या, तेव्हाची गोष्ट. लहानू आणि त्याची बायको चिमा इथं राहायची. त्यांची दोन लेकरं थंडीत छाती भरून गेली होती. तिसरी ठकी, अजून अंगावर पिणारी. तिलाही गारठा सोसायचा नाही. ही तरी राहावी, एवढंच चिमाचं देवाकडं मागणं होतं.

त्या साली दिवाळी उलटली आणि गवताला विळा लागला. कापलेलं गवत माळावर पसरलं, दाताळ्यानं ओढून गोळा केलं, आणि वाळायच्या आत आभाळ आलं. एक सर पडूनही गेली. दुसरी आली तर सगळं कुजणार, मग उन्हाळ्यात जनावरांपुढं टाकायचं काय? लहानूनं ओलसर गवताच्याच पेंढ्या बांधल्या, रचल्या आणि वर चढून तुडवून तुडवून गंजी घट्ट केली.

शेजारचा देवजी म्हातारा बांधावरून म्हणाला, "लहानू, गंजी घातलीस का चुलीवर भात ठेवलास? वाफ निघतीय रं!"

"निघंना का, मामा," चिमा म्हणाली. "तुमच्या चिलमीपरीस कमीच हाय."

सगळे हसले म्हणे.

मार्गशीर्षात गार वारं सुटलं. ठकीचे ओठ निळे पडायला लागले. अशातच एका सकाळी चिमा गाईला वैरण काढायला गेली. गंजीत कोपरापर्यंत हात गेला आणि ती तशीच उभी राहिली. आत ऊब होती, व्यालेल्या गाईच्या कुशीसारखी. तिनं पाच-सहा पेंढ्या ओढून पोकळी केली आणि ठकीला गोधडीत गुंडाळून तिथं ठेवलं. थोड्या वेळानं बघते तर ओठ पुन्हा लाल, आणि पोरगी हसतेय.

तेव्हापासून कामाच्या वेळी ठकी गंजीत. चिमा देवजीला सांगायची, "बाळंतपणाला माझी आई नाय आली, मामा. ती आत्ता आली बघा."

मग एक दिवस वाऱ्यानं तोंड फिरवलं आणि तो सरळ पोकळीत शिरू लागला. चिमानं एक पेंढी घेतली, पोकळीच्या तोंडाला लावली, पडू नये म्हणून चांगली आत दाबली, आणि उतारावर राहिलेले भारे आणायला लहानूबरोबर गेली.

परत आली, पेंढी ओढली. ठकी निजलेली. गाल पांगाऱ्याच्या फुलासारखे लाल. इतके लाल कधी झाले नव्हते. चिमानं तिला दोन्ही हातांनी वर धरलं.

"मामा, या की! बघा तरी, कशी लाल झाली माझी ठकी!"

देवजी हसत हसत आला. पोरीच्या नाकाशी बोट धरलं, आणि त्याचं हसू गेलं.

चिमाला ते पटेना. "गरम हाय की पोर. हात लावून बघा," ती म्हणायची. "गेलेलं माणूस गार पडतं. माझी दोन पडलीत, मला ठावं नाय व्हय?"

ती लेकराला घेऊन गंजीलाच टेकून बसली. तेवढ्यात पोकळीतून धूर आला, आणि मागून जाळ. लहानूनं दोघींना ओढून लांब नेलं. ओलं गवत दाबून रचलं की आतल्या आत तापत जातं; बंद पोकळीत पोर त्यानंच गुदमरली होती, आणि आता गंजी आतून पेटली होती. वर्षाची वैरण डोळ्यांदेखत गेली. त्या धगीनं दिवस मावळेपर्यंत पोर गार पडली नाही, असं सांगतात. आणि तोवर चिमानं तिला कुणाच्या हाती दिलं नाही.

पुढल्या साली गंज्या उभ्या राहिल्या तशी चिमा एकेका गंजीपाशी जायला लागली. पेंढ्या उपसायची, आत खांद्यापर्यंत हात घालायची. लोक ओरडले, "लहानू, आवर हिला! येडी झालीय, गंजी पाडील!"

लहानू म्हणाला, "पाडू द्या. मी रचून देईन."

आणि तो तिच्या मागून फिरला. तिनं केलेलं भगदाड तसंच ठेवून भोवतीनं पेंढ्या नीट लावून देत गेला. हात बाहेर काढला की चिमा एवढंच म्हणायची, "गार हाय." मग पुढली गंजी. जगली तोवर तिनं हे केलं. त्यानंतर गावात गंजी पेटली नाही म्हणे.

आजही गंजी पुरी झाली की घरातली लेकुरवाळी खिडकीत खांद्यापर्यंत हात घालते. गडीमाणसं विळे खाली ठेवून उभी राहतात. थोरली बाई विचारते, "कशी हाय गं?" आतली ऊब ओळखायला तिला जरा वेळ लागतो. तेवढा वेळ कुणी खोकतसुद्धा नाही.

"गार हाय," ती म्हणते. मग माणसं हलतात, पाण्याचा तांब्या फिरतो. ती मात्र पाण्याला थांबत नाही. अंगावरचा गवताचा कचराही न झटकता तशीच घरी जाते आणि आपलं लेकरू निजलेलं असलं तरी त्याला उठवते.