टोपली कुठे टेकली

एका राज्यात अशी रीत होती, की राजधानीचा केरकचरा कुठे पडायचा ते हत्तीने ठरवायचे. दसऱ्याला राजवाड्यात त्याच्या सुळ्यांवर भरली टोपली ठेवत. तो ती जिथे टेकवी, तिथे वर्षभर गाड्या रित्या होत. सात वर्षे टोपली उंबरखेड्यातच टेकली. राजज्योतिषी म्हणे, दैवाचा कौल! दैवालाही बरे गरिबाचेच घर सापडते.

त्या गावात सगुणा कुंभारीण राही. विहीर कडू झाली, चाकावरची माती काळी पडली, आणि तिची लेक मंजुळा खोकून खोकून चिमणीएवढी उरली. सगुणेने ढिगावरच्या घारीला विचारले, "पक्षीराणी, हा शाप कशाने सुटेल?"

घार म्हणाली, "तीन गोष्टींनी. अंकुशावाचून हत्ती वळव. वाटेत टोपली टेकू देऊ नकोस. ज्याची त्याच्या दारी पोचव."

दसऱ्याला हत्ती आला. सगुणेने दरसालप्रमाणे गूळ पुढे केला. "गजराज, आमच्याच दारी का?"

"माई, मोठ्या गावांनी ढोल बडवले, मशाली उगारल्या, माहुताला शाली दिल्या. थकल्या जिवाला गूळ देणारं गाव हे एकच. मला वाटलं, ओझं इथंच उतरवावं."

सगुणेला कळले: गावाची मायाच गावाला भोवली होती. शेजारी ओरडले, "हाकल त्याला!"

"दमलेल्याला हाकलणं मला येत नाही," ती म्हणाली. तिने त्याच्या सोंडेवर हात ठेवला, आणि हत्ती तिच्यासोबत राजधानीकडे वळला.

वाटेत कोळ्यांची चार खोपटी लागली. तिथे ना ढोल, ना मशाल. हत्तीचे गुडघे वाकले. टोपली इथे टेकली असती, तर मंजुळा सुटली असती. पण आत कुणाचे तान्हे रडत होते. भरल्या डोळ्यांनी सगुणा हत्तीला म्हणाली, "इथं नको, बाळा. थोडं चाल."

टोपली राजवाड्याच्या चौकात उतरली. तत्क्षणी सात वर्षांचा ढीग उठला आणि ज्याचा त्याच्या दारी जाऊन बसला. सिंहासनापुढे आंब्याच्या कोयींचा डोंगर झाला.

"हे काय?" राजाने विचारले.

"महाराज, आपलं जेवण," सगुणा म्हणाली.

राजाने मान खाली घातली, आणि झाडू मागवला. त्या दिवसापासून ज्याचा केर त्याच्याच परसात कुजू लागला. नाकाशी आल्यावर तो निम्मा झाला.

सगुणा घरी आली, तेव्हा मंजुळा विहिरीपाशी ओंजळीने पाणी पीत होती. "आई, गोड लागतंय!"

हत्ती मात्र दर दसऱ्याला येत राहिला, मोकळ्या सुळ्यांनी, गुळासाठी.