भिंगावरचं तेल

“…पण बाई, हे नुसतं पुसणं मी अजून किती दिवस करायचं?”

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या खैरनारबाई समोरची स्लाइड पाहत राहिल्या.

निशिगंधा वाघमोडे विद्यापीठात पहिली आली होती. तालुक्याच्या दवाखान्यात थुंकी तपासायच्या कामावर तिला तीन आठवडे झाले होते. तेवढ्या दिवसांत बाईंनी तिला दोनच गोष्टी शिकवल्या. मायक्रोस्कोप उचलताना एक हात मानेला, दुसरा बुडाखाली. आणि काम झालं की भिंग मऊ कागदाने टिपायचं.

“मला स्लाइड वाचता येतात,” ती म्हणाली.

बाईंनी स्टूल तिच्याकडे सरकवलं.

“वाच.”

स्लाइड कमळी पाडवीची होती. महिनाभर खोकणारी ती बाळंतीण दीड महिन्याचं मूल घेऊन बाहेर बाकावर बसली होती.

निशिगंधाने स्लाइडवर तेलाचा थेंब टाकला, भिंग त्याला टेकवलं. निळ्या रंगात चार लाल काड्या दिसल्या. क्षयाचे जंतू. ती उठलीच, कमळीला सांगायला.

बाईंनी हाताने थांबवलं. कागद घेऊन भिंग अलगद टिपलं आणि कागद तिच्यासमोर धरला.

ताज्या तेलाबरोबर एक चिकट, पिवळट पापुद्रा निघाला होता.

कालचा. एसटी चुकेल म्हणून ती भिंग न पुसताच पळाली होती. आणि काल भिंगाखाली शेवटची स्लाइड होती एका म्हाताऱ्याची, जंतूंनी खच्चून भरलेली…

निशिगंधा पुन्हा स्टुलावर बसली. तिने भिंग पुन्हा स्वच्छ केलं, स्लाइडवरचं तेल टिपून काढलं, नवा थेंब टाकला. मग एकेक जागा मोजत शंभर जागा पाहिल्या. जेवणाची वेळ टळून गेली. बाईंनी उठायला सांगितलं, तरी ती उठली नाही. आणखी शंभर पाहिल्या.

एकही लाल काडी नव्हती.

बाईंनी स्वतः पाहून घेतलं आणि निकाल लिहिला. डॉक्टरांनी कमळीला साध्या खोकल्याचं औषध दिलं. मूल पदराखाली घेऊन ती घरच्या वाटेला लागली.

निशिगंधा खिडकीतून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली.

“बाई… भिंगावर कालचं तेल आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“नाही.”

“मग पुसलंत का?”

“ठाऊक नव्हतं म्हणून.”