सिदबाची जागा

फार फार मागं, आपल्या आज्याच्या आज्याला मिसरूड फुटलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. वाघजाळीच्या गावविहिरीवर सिदबा मोट हाकायचा. माणूस अडाणी, पण मोट वर आली की तिच्याबरोबर त्याच्या तोंडात एक नवी ओळ यायची. आजची ओळ उद्या नसायची, असं म्हणतात. बैल ती ऐकतच धाव, म्हणजे मोट ओढायची उतरती वाट, उतरायचे.

रोजची पहिली मोट सिदबा पाटात सोडत नसे. काठावर शेंदूर लावलेले सात दगड होते, त्यांवर ओतायचा. त्या साती आसरा, पाण्याच्या देवी.

एका साली पाणी तळाला गेलं. गाव जमलं. बाळोजी पाटील म्हणाले, "सिदबा, आसरा पाण्यातच राहतात. त्यांना पाण्याची कसली वाण? पहिली मोटबी मिरचीच्या रानाला सोड." सगळ्यांना पटलं. सिदबालाही पटलं.

दुसऱ्या दिवशी मोट वर आली, ओळ आली नाही. बैल धावेवर उभे राहिले ते राहिलेच. चाबूक दाखवला, पेंड दाखवली. गावाची मिरची उन्हात माना टाकू लागली. बायको कोंडाई भाकरी घेऊन आली, म्हणाली, "अवो, बैल तुमचं तोंड बघत्यात. गा की कायतरी."

"काय गाऊ? माझ्याजवळ कधी काय होतं?"

एवढं बोलला आणि सिदबाची नजर कोरड्या पडलेल्या सात दगडांवर गेली. मग त्यानं बैल सोडले, मोटेचा दोर, नाडा, स्वतःच्या खांद्यावर घेतला. कोंडाईनं हात लावला. ती दोघांनी ओढलेली मोट त्यानं सात दगडांवर ओतली. असं म्हणतात, विहिरीतून सात बायका एकदम हसल्यासारखा आवाज आला, सिदबाच्या तोंडून ओळ निघाली, आणि बैल आपणहून येऊन जोखडाखाली उभे राहिले. त्या साली विहीर आटली नाही.

पाटील खूश झाले. "गाण्याच्या शेवटी तुझं नाव घाल रं. लोकांना कळू दे."

"मी नुसता वढतो, पाटील. भरून येती ती खालनंच."

आता मोट गेली, विजेचा पंप आला. तरी वाघजाळीत पहिलं पाणी सात दगडांवरच जातं. आणि गावात कुणी गाणं रचलं, तर शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव यायच्या जागी गाणारा श्वासभर थांबतो. नव्या पाहुण्याला वाटतं, बुवा विसरला. टाळकरीसुद्धा थांबतात, मग गाणं पुढं जातं. त्या थांबण्याला गाव सिदबाची जागा म्हणतं.