ढवळाजी बोकडाचा प्रदीर्घ कारावास

डोंगराला वळसा घातला की उजव्या हाताला एक जंगल लागतं. त्याचं नाव टेंभुरबन. तिथे वाघ नाही. वाघ असता तर राज्य कुणी करायचं हा प्रश्नच आला नसता आणि ही गोष्ट सांगायची वेळ माझ्यावर आली नसती. वाघ नाही म्हणून तिथे लोकशाही होती, आणि लोकशाही होती म्हणून भुरकोजी नावाचं अस्वल बारा वर्षं राजा होतं.

भुरकोजी महाराजांना फक्त एका गोष्टीचं भय होतं, जेवणाचं. त्यांच्या आधीचे तीन राजे ताटावरच गेले. पहिल्याला लाडू बाधला, दुसऱ्याला खीर, आणि तिसरा नुसतं पाणी पिऊन गेला. त्या दिवशी त्याचा उपवास होता. तेव्हापासून टेंभुरबनात एक रीत पडली. राजाचं ताट आधी कैद्यापुढे जाई. कैदी त्यातला प्रत्येक पदार्थ चाखी. मग एक गोगलगाय एका खुंटापासून दुसऱ्या खुंटाकडे सोडत. ती पोचेपर्यंत कैदी जिवंत राहिला तर ताट राजाकडे जाई, नाहीतर कैदी खड्ड्यात जाई. राजाला रोज गार जेवण मिळे, पण रोज मिळे.

तुरुंग म्हणजे माणसांनी कधीतरी बिबट्यासाठी लावलेला आणि मग विसरून गेलेला लोखंडी पिंजरा. त्यात एका वेळी एकच कैदी मावे, म्हणून जंगलात गुन्हेही तेवढेच नोंदवत. पिंजऱ्याची जेलर होती सरूबाई घूस. तिने आजवर चौदा कैदी आत घेतले आणि चौदाही पायाला धरून बाहेर काढले. बाई मनाने हळवी होती. प्रत्येकाच्या वेळी रडायची.

आता ढवळाजी. हा बोकड मूळचा टेंभुरबनातला नव्हे. डोंगराखालच्या गावात त्याला जत्रेच्या नवसाला सोडलं होतं. वर्षभर त्याचे फार लाड झाले. मग एका सकाळी त्याच्या कपाळाला हळद लागली, समोर ढोल वाजायला लागला आणि कोपऱ्यात एक माणूस दगडावर काहीतरी घासत बसलेला त्याला दिसला. ढवळाजी दावं तोडून पळाला तो थेट जंगलात. त्या दिवसापासून त्याचं आयुष्यात एकच ध्येय होतं: आपल्याला कुणी खाऊ नये. राजकारणात बहुतेक जण याहून मोठं ध्येय घेऊन येतात आणि याहून कमी साधतात.

त्याच सुमारास महाराजांनी हुकूम काढला. टेंभुरबनात हुकूम सागाच्या पानावर लिहून उंबराच्या खोडाला डकवत. हुकूम असा होता: "आजपासून कोणीही आपणास भूक लागल्याचे चारचौघांत बोलू नये." पावसाने ओढ दिली होती, गवत संपलं होतं, आणि त्यावर राज्याने केलेला हा पहिलाच उपाय होता. सगळे प्राणी गुपचूप वाचत उभे होते. इतक्यात ढवळाजी आला, त्याने हुकूम हुंगला आणि खाऊन टाकला.

त्याला वाचता येत नव्हतं. पान हिरवं होतं, एवढंच त्याने पाहिलं. पण गर्दीत कुणीतरी पहिली टाळी वाजवली.

खटला प्रधानजींसमोर चालला. प्रधान होता काटेराव सायाळ, बोलायला अतिशय गोड, जवळ जायला अवघड. त्याने विचारलं, "सरकारी हुकूम का खाल्लास?"

ढवळाजी म्हणाला, "भूक लागली होती."

म्हणजे जो हुकूम त्याने खाल्ला होता, तोच भर दरबारात, चारचौघांत, त्याने मोडलाही. बाहेर प्राण्यांनी जंगल डोक्यावर घेतलं. ज्या भुकेने सगळ्यांच्या पोटात खड्डा पडला होता ती एकाने बोलून दाखवली होती. काटेरावने तिथल्या तिथे शिक्षा सुनावली आणि ढवळाजीची पिंजऱ्यात रवानगी झाली.

सरूबाईने दार लावता लावता डोळे पुसले. "अवो ढवळाजी, उद्या ताट येईल. तुमची काय इच्छा असंल ती आत्ताच सांगा."

"कुणी मला खाऊ नये."

"हितं तुमास्नी कुणी खात न्हाई. हितं तुमी खायाचं आन् मरायचं."

ढवळाजीने यावर बराच विचार केला. गावातल्या व्यवस्थेपेक्षा ही त्याला बरी वाटली.

इकडे काटेराव सायाळ कित्येक दिवस संधी पाहत होता. बारा वर्षं प्रधान राहिलेल्याला काय हवं असतं ते मी सांगायला नको. त्याने पहिल्या दिवशी कढीत रुईचा चीक घातला. त्याचा हिशोब असा की कैदी हळूहळू मरेल, तोवर गोगलगाय पोचलेली असेल आणि ताट महाराजांपुढे गेलेलं असेल. पण बोकड रस्त्याकडेची रुई ओरबाडून खातात आणि वर रवंथ करतात, हे काटेरावला माहीत नव्हतं. प्रधानाचा तळागाळाशी संपर्क तुटला की असं होतं.

ढवळाजीने कढी संपवली. गोगलगाय पोचली. ताट महाराजांकडे गेलं, आणि पुढचे दोन दिवस महाराज झुडपाआड होते.

"बोकड कसा आहे?" झुडपाआडून त्यांनी विचारलं.

"ठणठणीत आहे, महाराज," काटेराव म्हणाला. "कढीला मीठ कमी होतं म्हणतो."

महाराज विचारात पडले. बोकड ठणठणीत, म्हणजे ताट शुद्ध. ताट शुद्ध, म्हणजे दोष आपल्या पोटाचा. पोटाला सवय नाही, म्हणजे सवय केली पाहिजे. त्यांनी उद्यापासून दुप्पट वाढायचा हुकूम दिला. विचार करायची वेळ त्यांच्यावर बारा वर्षांत पहिल्यांदाच आली होती, त्यामुळे एखादी पायरी चुकली तर दोष देण्यात अर्थ नाही.

चौथ्या दिवशी चटणीत धोतरा होता. ढवळाजी म्हणाला, "आणखी आहे का?" महाराज ती चटणी खाऊन उठले आणि दरबारात भाषणाला उभे राहिले. "मी बारा वर्षांत काहीही केलेलं नाही," ते म्हणाले. सवयीप्रमाणे टाळ्या पडल्या. मग ते एका वारुळाला मिठी मारून "आई, घरी चल" असं म्हणाले आणि डोंगराकडे निघून गेले. काटेरावने जाहीर केलं की महाराजांनी संन्यास घेतला आहे.

पण पिंजऱ्याभोवती एव्हाना भलतंच चाललं होतं. एवढे दिवस जिवंत राहिलेला कैदी टेंभुरबनाने कधी पाहिला नव्हता. रोज ताट जायच्या वेळी गर्दी जमायची, गोगलगाय सुटली की सगळे श्वास रोखायचे, आणि ती पोचली की घोषणा व्हायची: "जो पचवील, तोच चालवील!" भेकरांच्या एका मंडळाने ढवळाजीचं चरित्र काढलं. त्यात लिहिलं होतं की हुकूम खाण्यापूर्वी त्यांनी सात दिवस चिंतन केलं होतं. ढवळाजीला ते चरित्र भेट मिळालं. त्याने तेही आवडीने खाल्लं.

एकट्या सरूबाईचा जीव रोज टांगणीला लागायचा. "आज तरी थोडंच खावा," ती गजांतून म्हणायची. पंधराव्याला पायाला धरून ओढायचं तिच्या जिवावर आलं होतं.

काटेरावच्या राज्याभिषेकाचा दिवस उजाडला. टेंभुरबनाचा नियम असा की नव्या राजाने सगळ्या प्रजेसमोर भरलं ताट संपवायचं. जो संपवील तो राजा. काटेराव अंगाला तेल लावून आला. मात्र त्याची एक अडचण होती. रोज रोज विष मिसळायचा कंटाळा येऊन त्याने ते राजाच्या सगळ्या कोठारातच मिसळून ठेवलं होतं.

रीतीप्रमाणे ताट आधी पिंजऱ्यात गेलं, ढवळाजीने चाखलं, गोगलगाय चालली आणि ताट काटेरावपुढे आलं. काटेरावने ताटाकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "बंधुभगिनींनो, आज माझा उपवास आहे."

"कसला उपवास?" झाडावरून एका म्हाताऱ्या वानराने विचारलं.

"मंगळवारचा."

"आज गुरुवार आहे."

"मी तो निष्ठेने करतो," काटेराव म्हणाला. "शिवाय जोवर या जंगलातला शेवटचा प्राणी जेवत नाही, तोवर मी घास घेणार नाही." टाळ्या पडल्या. पण ताट तिथेच होतं. टाळ्या थांबल्या तरी तिथेच होतं. गर्दीत कुजबुज सुरू झाली.

तेव्हा पिंजऱ्यातून ढवळाजी म्हणाला, "खाणार नसाल तर इकडे सरकवा. गार होतंय."

त्याने भात खाल्ला, कढी प्यायली, चटणी चाटली आणि शेवटी पत्रावळही खाल्ली. गोगलगाय सोडायचं कुणाला सुचलंच नाही. ताट संपलं होतं, नियम स्पष्ट होता. "ढवळाजी महाराज की जय" असा पुकारा झाला. तो सुरू करणारा पहिला आवाज काटेरावचा होता, म्हणून प्रधानपद त्याच्याकडेच राहिलं.

सरूबाईने हसत-रडत पिंजऱ्याचं दार उघडलं. ढवळाजीने एक खूर बाहेर टाकला. नेमक्या त्याच क्षणी डोंगरावर बिबट्या खाकरला. ढवळाजीने खूर आत घेतला.

"मी बाहेर येणार नाही," तो म्हणाला.

काटेराव तत्काळ पुढे झाला. "ऐकलंत? जोवर जंगलातला एकही जीव दुःखात आहे, तोवर महाराज कारावास सोडणार नाहीत." तिथे जो रडला नसेल तो प्राणीच नव्हे. आदर म्हणून पिंजऱ्याची चावी माळेत ओवून ढवळाजीच्या गळ्यात घातली गेली. त्याने दार आतून लावून घेतलं.

राज्यकारभार छान सुरू झाला. कोवळा चारा रोज आत जाऊ लागला. तक्रारी लोक पानांवर लिहून आणत आणि त्यांतली एकही शिल्लक राहत नसे. बिबट्या मात्र डोंगरावरून खाली आला. आधी एक चौसिंगा गेला, मग सशांचं एक अख्खं घर, मग सरूबाईच्या दोन्ही बहिणी.

सरूबाई पळसाच्या पानावर अर्ज घेऊन आली. या वेळी ती रडत नव्हती. ती संतापली होती, आणि तिचा संताप रास्त होता. "महाराज, बिबट्या आमच्या मुळावर उठलाय. ह्यो पिंजरा बिबट्यासाठीचा हाय. तुमी भाईर या, त्याला आत घालू."

ढवळाजीने अर्ज खाल्ला. "चांगला होता," तो म्हणाला. "पण सरूबाई, मी काय करणार? मी तर आत आहे."

"चावी तुमच्या गळ्यात हाय की."

"ती जनतेने प्रेमाने घातली आहे. ती वापरून जनतेचा अपमान कसा करू?"

बाहेर उभ्या असलेल्या प्राण्यांचे डोळे भरून आले. एवढ्या त्रासात असलेल्या राजाला बाई आपल्या बहिणींचं सांगत बसली, म्हणून दोन रानडुकरांनी तिला तिथून हाकललं. जेलरची जागा रद्द झाली.

येत्या वैशाखात टेंभुरबनात निवडणूक आहे. सरूबाई उभी आहे. तिचं म्हणणं एवढंच की बिबट्याला आत घाला. तिच्या सभेला नऊ जण आले होते, त्यांतले दोन परत जाताना बिबट्याने नेले. ढवळाजी महाराजांच्या सभा पिंजऱ्यापुढेच होतात, कारण त्यांना फिरायची मुभा नाही. भाषणात ते आपण काय काय सोसलं ते सांगतात. प्रधानजींनी प्रचाराची सगळी तयारी केली आहे, आणि जंगलातल्या प्रत्येक झाडावर सध्या एकच फलक आहे: "आपल्या लाडक्या राजाला या जुलमी राजवटीतून सोडवा."