परतीचा भार

एका राज्यात एक नगर होते, नगराला एक वेस होती आणि वेशीची एक रीत होती. भोवतालच्या गावांतून धान्याच्या, भाजीच्या गाड्या भरून आत येत. गाड्या परत निघाल्या की द्वारपाल प्रत्येक गाडीच्या तळाला काठी ठोकी. पोकळ आवाज आला तर गाडी बाहेर सोडत नसे. मग गाडीवान मागे फिरे, दारोदारी ठेवलेल्या पाट्या उचले, चुलीची राख, भाजीची देठे, गोठ्यातले शेण, देवाचे निर्माल्य गाडीत भरी आणि तो परतीचा भार रानात नेऊन टाकी. नगर जेवे, रानही जेवे. असे सात पिढ्या चालले.

आठव्या पिढीला मेघवर्मा राजा झाला. राजा वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेले बरे. मानी मात्र भारी. एकदा परराज्याचा वकील वेशीतून आत शिरला आणि समोरून परतीचा भार येताना पाहून त्याने नाकाला शेला लावला. घडले ते एवढेच, पण राजाला लाज वाटू नये त्या गोष्टीची लाज वाटली. दरबारात धूम्रकेश नावाचा मांत्रिक होता, तो अशाच संधीची वाट पाहत होता. त्याने भर चौकात एक विहीर उभी केली. तिला तळ दिसत नसे. काहीही टाका, ती गिळी. ना वास, ना माशी. अट एकच, टाकलेले परत मागायचे नाही. राजाने रीत मोडली आणि गाड्या रिकाम्या परतू लागल्या.

राजाची लेक कुसुंबी तेव्हा सहा वर्षांची होती. द्वारपालाच्या हातून काठी घेऊन गाड्यांना ठोकायचा तिला भारी नाद. काठी गेली तशी ती आठ दिवस कोणाशी बोलली नाही.

पहिल्या वर्षी काही झाले नाही. दुसऱ्या वर्षी कणसे हलकी झाली. तिसऱ्या वर्षी दाणा दिसायला टपोरा आणि आत पोकळ. लोक पोटभर जेवत आणि उपाशी उठत. पोरांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. धूम्रकेश तेवढा दिवसेंदिवस तरुण होत चालला, कारण रानाचे सत्त्व विहिरीवाटे त्याच्याच अंगी लागत होते. कुसुंबीने अंथरूण धरले.

एके सकाळी तिच्या खिडकीत टिटवी येऊन बसली. टिटवीला लोक अशुभ म्हणतात. राजाने हाकलायला हात उचलला, तशी ती बोलली.

"राजा, माझी अंडी उघड्या रानात असतात. रान मेले तर मी कुठे जाऊ? तीन कामे कर. जिथे दाणा अजून भरतो तिथून बी माग. विहिरीने गिळलेले स्वतःच्या हाताने उपस. ते रानात पसर, आणि शेवटची पाटी तुझ्या घरची असू दे."

राजा पायी निघाला. चाळीस गावे पालथी घातली, भरला दाणा मिळेना. अखेर तो सापडला त्याच्याच तटाखाली. तिथे नगराच्या मोऱ्यांचे पाणी भिंतीतून झिरपे, आणि त्या ओलीवर भिवरा नावाच्या म्हातारीचे ज्वारीचे एकच ताट उभे होते. राजाने हात जोडून बी मागितले. भिवरेने कणीस चोळले आणि दाणे त्याच्या ओंजळीत टाकले.

"एवढंच हाय, महाराज. लेकीला पेज करून पाजली तर लेक जगंल. पेरलं तर रान जगंल. दोन्ही व्हायचं न्हाई."

राजा मूठ मिटून लेकीच्या उशाशी येऊन बसला. चुलीवर आधण चढवलेले होते. खाली रस्त्यावर नगरातली पोरे पडून होती. त्यांच्यात रडायचेही त्राण उरले नव्हते, आणि ती शांतता राजाला ऐकवेना.

"बाबा, तुमच्या मुठीत काय आहे?" कुसुंबीने विचारले.

"काही नाही," राजा म्हणाला.

त्याने उठून आधण उतरवले आणि चूल विझवली. लेकीशी तो आयुष्यात एकदाच खोटे बोलला, आणि ते त्याला मरेपर्यंत पुरले.

विहिरीवर धूम्रकेश उभा होता. परत मागायचे नाही असे ठरले होते, याची त्याने आठवण दिली. राजाने पोहरा सोडला. पोहरा काळ्याभोर खताने भरून वर आला आणि मांत्रिकाचा एक केस पांढरा झाला. राजाच्या तळहातांची सालटी निघाली, तरी त्याने दोर सोडला नाही. अकराव्या दिवशी विहीर रिती झाली आणि धूम्रकेशाच्या जागी चिमूटभर धूळ राहिली.

तीन वर्षांत पहिल्यांदाच गाड्या भरून वेशीबाहेर पडल्या. रान काळे झाले, मूठभर बी मातीत पडले. पण चौथा दिवस उजाडला तरी कोंब येईना. राजाच्या घरची पाटी राहिली होती, आणि त्या दिवसापासून न पेटलेल्या चुलीत राखसुद्धा उरली नव्हती. त्याच संध्याकाळी कुसुंबी गेली.

तिसऱ्या दिवशी राजाने तिची रक्षा पाटीत भरली. नदीवर नेली नाही. डोक्यावर पाटी घेऊन तो वेशीशी आला, तेव्हा म्हाताऱ्या द्वारपालाने सवयीने काठी उचलली आणि पाटीत काय आहे ते ओळखून खाली ठेवली.

"ठोका," राजा म्हणाला. "तिला आवडायचे."

द्वारपालाने पाटीच्या तळाला हलकेच काठी लावली. आवाज पोकळ आला नाही.

राजाने रक्षा वावरात पसरली. सकाळी कोंब वर आले, आणि त्यांच्याबरोबर साऱ्या रानातले निजलेले बी जागे झाले. सुगीला पोरे जेवली आणि तृप्त होऊन उठली. टिटवीची पिले ढेकळांतून पळू लागली. विहीर बुजवली गेली, काठी वेशीवर कायमची राहिली, आणि एकही गाडी रिकामी बाहेर गेली नाही.

राजा म्हातारा झाला तरी दर पेरणीला मूठ मिटून पायी वेशीबाहेर जाई. वाटेत एखादे पोर विचारी, मुठीत काय आहे. राजा कितीही घाईत असला तरी थांबे, खाली बसे आणि मूठ उघडून दाखवी.